अब्बांची सायकल भंगारात देण्याआधी

रमजानच्या आधी आमच्याकडे घराची साफसफाई निघते. यंदा जिन्याखालचा पसारा काढताना अब्बांची रॅले सायकल बाहेर आली. दोन्ही टायर बसलेले, साखळी गंजून काडीसारखी ताठ, सीटचं चामडं तडकलेलं. नेमका त्याच वेळी भंगारवाला दारात होता. त्याने सायकल एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "सर, लोखंडाच्या भावाने देऊन टाका. याचे पार्ट आता कुठे मिळतात?"

अम्मी काही बोलली नाही. तिने फक्त ओढणीने सीटवरची धूळ पुसली. याच सायकलच्या दांडीवर बसवून अब्बा मला मदरशात सोडायचे आणि तिथून परस्पर लूमच्या शिफ्टला जायचे. भंगारवाल्याला मी रद्दी दिली आणि सायकल ठेवून घेतली.

पुढचे तीन महिने मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. खरंच, याचे पार्ट आता कुठे मिळतात? आमच्या मालेगावातच नव्हे, कुठल्याही गावात जुन्या मोहल्ल्यात फिरलात तर दर चार-पाच घरांमागे अशी एक काळी लोखंडी सायकल उभी दिसेल. मरहूम आजोबांची, वडिलांची, मामूंची. घरच्यांना ती टाकवत नाही आणि चालवताही येत नाही. म्हणून जे कळलं ते इथे लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर बहुतेक सगळे पार्ट मिळतात, तेही स्वस्तात. चार-पाच मात्र मिळत नाहीत. कोणते मिळतात आणि कोणते नाहीत, हे आधी न कळल्यामुळे चांगल्या सायकली दुरुस्तीच्या नावाखाली खराब होतात. माझीही झाली होती.

लुधियानाचा पार्ट इंग्लंडच्या सायकलला का बसतो?

आपली ही 'काळी सायकल' मुळात इंग्लिश. रॅले नॉटिंगहॅमची, बीएसए, फिलिप्स आणि हर्क्युलिस बर्मिंगहॅमच्या. आपल्याकडे सायकली बनू लागल्या तेव्हा याच सायकलींची मापं उचलली गेली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स सुरू झाली आणि तिथे हर्क्युलिस बनू लागली. १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस आली, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. नावं वेगळी, पण साखळीचं माप, पायडलचे आटे, चाकाचा घेर हे सगळं जवळपास एकच आणि तेही इंचात.

दूधवाले, पाववाले, पोस्टमन, लूमचे कारागीर या सायकली घेतच राहिले, त्यामुळे हे माप कधी बंदच पडलं नाही. इंग्लंडमध्ये जो पार्ट आज जुन्या वस्तूंचा शौकीन जपून ठेवतो, तो आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो.

अजून एक गोष्ट. सायकलची कंपनी बंद पडली म्हणजे पार्ट बंद पडले असं होत नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. योगायोग बघा, तो दिवस जागतिक सायकल दिन. तेव्हा बऱ्याच जणांनी आपल्या ॲटलस काढून टाकल्या. पण साखळी, टायर, फ्रीव्हील, छर्रे हे सायकलच्या कंपन्या सहसा स्वतः बनवत नाहीत. ते बनवणारे कारखाने वेगळे आणि ते चालू आहेत.

टायर घेताना होणारी चूक

दुकानात गेल्यावर पहिला घोळ नंबरवरून होतो. आपल्याकडे लोक म्हणतात, 'बावीस नंबरची सायकल', 'चोवीस नंबरची सायकल'. हा नंबर फ्रेमच्या उंचीचा आहे, चाकाचा नाही. उंच माणसाला चोवीस, मध्यम माणसाला बावीस. चाक दोन्हींचं अठ्ठावीस इंचीच. मी स्वतः दुकानात "चोवीसचा टायर द्या" म्हणालो आणि दुकानदाराने मुलांच्या सायकलचा टायर समोर ठेवला.

या सायकलींचा टायर 'अठ्ठावीस बाय दीड', म्हणजे २८ × १ १/२. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६३५ असाही आकडा असतो. त्यातला ६३५ महत्त्वाचा. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास तो, मिलिमीटरमध्ये. हल्लीच्या गिअरच्या सायकलींच्या काही टायरांवरही २८ लिहिलेलं असतं, पण त्यांचा आकडा ६२२ असतो. १३ मिलिमीटरचा फरक. मोबाइलवरून '२८ इंच' बघून मागवलेला टायर घरी येतो आणि कितीही जोर लावला तरी चढत नाही. लेडीज सायकलचंही तसंच आहे. जुनी २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, आणि हल्लीची जाड टायरवाली २६ म्हणजे ५५९. अपूर्णांकात लिहिलेलं माप आणि दशांशात लिहिलेलं माप गणितात जवळपास सारखं दिसेल, सायकलवर सारखं निघत नाही. गणिताच्या सरांना मी हे सांगितलं तर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

योग्य माप सांगितलंत तर टायर-ट्यूब कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल. राल्सन, मेट्रो ही नावं दुकानदाराला सांगावीही लागत नाहीत.

रिम घेताना आऱ्यांची भोकं मोजून जा. जुन्या इंग्लिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात, कारण ओझं मागे. हबला ४० भोकं आणि रिमला ३६, अशी जोडी जमत नाही. दुसरं म्हणजे सळीच्या ब्रेकवाल्या सायकलला कडा गोल असलेली रिमच हवी. तिचे ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूने लागतात. सपाट कडेची नवी रिम घातली की रबरांना टेकायला जागाच उरत नाही. मग मिस्त्री सांगतो, "सळीचे ब्रेक काढून टाका, वायरचे लावू." दोष रिमचा असतो आणि काढले जातात ब्रेक. या ब्रेकचे रबर अजूनही मिळतात. सळ्या, कड्या आणि घोड्याच्या नालेसारखा तो पट्टा मात्र जपून ठेवायच्या वस्तू. वाकल्या असतील तर सरळ करून घ्या, फेकू नका.

चोवीस आणि सव्वीस

आता माझी फजिती सांगतो, कारण या लेखातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे.

दोन्ही पायडल ज्या दांड्यावर फिरतात, त्या जागेला मिस्त्री लोक 'बीबी' म्हणतात. बॉटम ब्रॅकेटचं लघुरूप आहे, घरच्यांचा काही संबंध नाही. फ्रेमच्या तळाशी एक आडवी नळी, तिच्या दोन्ही बाजूंना आटे असलेल्या दोन वाट्या, आत दांडा आणि दर बाजूला पाव इंचाचे ११ छर्रे. आमच्या सायकलचा दांडा खडखडत होता. मी ती एका दुकानात 'ओव्हरऑइल' करायला दिली. तिथल्या तरुण मिस्त्रीने जुना संच काढला आणि नवीन पाकीट फोडलं. डावी वाटी दोन फेरे सहज गेली, मग अडकली. त्याने पान्याला लांब पाईप लावला आणि जोर दिला. मी समोर उभा होतो, काही बोललो नाही. मला वाटलं, गंज असेल.

चार दिवसांत पायडल डुगडुगायला लागलं.

मग मशिदीच्या मागच्या गल्लीतल्या उस्तादांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, पत्र्याचं छप्पर, एक पंप, एक पाण्याची घमेली आणि मागे डालडाचे डबे रांगेने. त्यांनी वाटी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच म्हणाले, "सर, चूड़ी ग़लत है."

चुडी म्हणजे आटे. जवळजवळ सगळ्या इंग्लिश आणि हिंदुस्थानी सायकलींच्या बीबीला एका इंचात २४ आटे असतात. पण नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपलं माप वेगळं ठेवलं होतं, इंचात २६. वाटीचा व्यास तोच. त्यामुळे नवी वाटी सुरुवातीला बसते, दोन फेरे जाते आणि मग एकेक आटा चुकत जातो. त्यापुढे लावलेला जोर फ्रेमचे आटे कापतो. वाटी शंभर-दीडशेत नवी मिळेल, फ्रेम कुठून आणणार?

तुमची सायकल रॅले आहे का, हे पुढचा नावाचा बिल्ला बघून कळतं. चेनव्हीलच्या जाळीत बगळ्यांच्या आकृती असतील तर तीही रॅलेचीच खूण. पण चेनव्हील कधीतरी बदललेलं असू शकतं, बिल्लाही दुसऱ्याचा असू शकतो. त्यामुळे खूण बघून थांबू नका, आटे मोजा. मोजायची पट्टी लेथवाल्याकडे असते. ती नसेल तर उस्तादांची युक्ती करा. जुनी वाटी आणि नवी वाटी बाजूबाजूने एकमेकींना टेकवा, आट्यात आटा घालून, आणि उजेडाकडे धरा. माप एक असेल तर दातात दात बसतात, मधून उजेड दिसत नाही. माप वेगळं असेल तर तीन-चार आट्यांनंतर फट दिसू लागते. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या त्या तरुण मिस्त्रीला हे कोणी दाखवलंच नव्हतं, त्याला तरी काय दोष द्यायचा.

मी धावत पहिल्या दुकानात गेलो. नशीब, जुन्या वाट्या भंगाराच्या डब्यातच पडलेल्या होत्या. उस्तादांनी त्या रॉकेलमध्ये धुतल्या, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, यांना काही झालेलं नाही. झिजला होता फक्त दांडा. छर्रे फिरतात तिथे त्याला खाच पडली होती. म्हणजे बदलायची वस्तू एक होती आणि आम्ही सगळा संच फेकायला निघालो होतो.

फ्रेमचे कापलेले आटे त्यांनी कसे दुरुस्त केले, तेही ऐका. डब्यातून एक फुटकी रॅलेची वाटी काढली, ग्राइंडरने तिच्या आट्यांवर आडव्या चार खाचा पाडल्या, तेल लावलं आणि तीच वाटी हळूहळू आत फिरवली. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. खाचांमध्ये लोखंडाचा चुरा येत गेला आणि आटे साफ झाले. असं हत्यार विकत घ्यायला गेलात तर मिळायची मारामार. दांड्यासाठी त्यांनी तीन नवे दांडे जुन्याशेजारी ठेवून पाहिले. नुसती एकूण लांबी जुळून चालत नाही, छर्रे फिरतात त्या दोन जागांमधलं अंतर जुळावं लागतं. तिसरा जुळला. न जुळता तर लेथवर करून घेता आला असता, पण लेथवाल्याने त्याला नीट पाणी दिलं नाही तर मऊ दांडा वर्षभरात खातो, असं त्यांचं म्हणणं.

उघडताना एक लक्षात असू द्या. उजव्या बाजूच्या, म्हणजे चेनव्हीलच्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. डाव्या पायडलचेही उलटे. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. नेहमीसारखे उघडायला गेलात तर तुम्ही ते अजून आवळत असता.

कॉटर पिन

पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक' असा आवाज येत असेल तर तो बहुधा कॉटर पिनचा. क्रँक दांड्याला पकडून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन. चहाच्या पैशात मिळते आणि कुठेही मिळते. पण इथेही दोन मापं आहेत. इंग्लिश आणि आपल्या सायकलींना साडेनऊ मिलिमीटरची पिन लागते, युरोपातल्या काही सायकलींना नऊची. नऊची पिन साडेनऊच्या भोकात गेली की महिनाभरात पुन्हा टक-टक.

जुनी पिन काढताना लोक सरळ हातोडा घालतात. तो मार आतल्या छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर बसतो. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा आणि क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचेल असा पाईपचा तुकडा टेकू म्हणून द्या, पिन पाईपच्या पोकळीत पडेल अशा बेताने. मग एकच जोरदार घाव. दहा हलके घाव पिनचं डोकं चपटं करतात आणि पिन तिथेच राहते. नवी पिन जशीच्या तशी क्वचितच बसते. तिची सपाट बाजू कानशीने थोडी घासून दांड्याच्या खाचेला चपखल करावी लागते. दोन्ही बाजूंच्या पिना एकदमच बदला आणि एकीचं नट पुढे, तर दुसरीचं मागे येईल अशा उलट-सुलट घाला. नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

बाकीचं सोपं आहे. साखळी अर्धा इंच बाय एक अष्टमांश मागा. गिअरच्या सायकलची साखळी अरुंद असते, ती चालत नाही. साखळी फार ताणलेली असेल तर फ्रीव्हीलही बदला, नाहीतर नवी साखळी जुन्या दातांवर उड्या मारते. छर्रे पुढच्या हबला ३/१६ इंचाचे, मागच्या हबला पाव इंचाचे. जुने-नवे मिसळू नका, सगळे एकदम बदला. नट खोलायला मोटरसायकलचे मिलिमीटरचे पाने वापरू नका. जुने नट इंची मापाचे, त्यांचे कोपरे घासले जातात. घंटी, मूठ, स्टँड, कॅरिअर यावर मी वेळ घालवत नाही, ते कुठेही मिळतं. चामड्याची सीट मात्र लगेच फेकू नका. खालचा सांगाडा आणि स्प्रिंगा शाबूत असतील तर जुना चप्पल-बूटवाला त्यावर नवीन चामडं चढवून देतो. ब्रुक्सचा सांगाडा असेल तर नक्कीच द्या.

काही घरांत तीन गिअरची जुनी सायकल निघते, गिअर मागच्या हबच्या आत. हबवर स्टर्मी-आर्चर लिहिलेलं असतं आणि शेजारी दोन आकडे ठोकलेले असतात, ते हब बनल्याचं वर्ष आणि महिना. सायकलचं वय काढायची ही सोपी खूण, हब नंतर बदललेला नसेल तर. इंग्लंडमधली ही कंपनी २००० साली बंद पडली, नाव आणि यंत्रसामग्री तैवानच्या सनरेसने घेतली, आणि त्या नावाने हब अजून बनतात. म्हणून असा हब कोणी काढून साधा लावून देतो म्हणाला तर थांबवा.

शोधायचं कुठे?

आधी गावातला सगळ्यात जुना सायकलवाला. नवं चकचकीत दुकान नको, पत्र्याचं हवं. त्याच्या मागच्या डब्यांत काय आहे हे त्यालाही पूर्ण माहीत नसतं. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं वर्णन सांगून उपयोग नाही. मग भंगारवाले. त्यांना सांगून ठेवा की रॅले, हंबर, बीएसएची सायकल आली तर तोडण्याआधी फोन करा. अख्खी मोडकी सायकल लोखंडाच्या भावात मिळाली तर घ्याच. एका मेलेल्या सायकलवर दोन जिवंत होतात. पुण्यात रविवार-बुधवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार, तिथला जुम्याच्या पहाटेचा बाजार विशेषतः, इथे नशीब आजमावता येतं. माल कुठून आला हे विचारून घ्या; अब्बांची सायकल दुसऱ्या कोणाच्या चोरीच्या पार्टवर उभी राहायला नको. मूळ सायकल पूर्ण अवस्थेत कशी दिसते ते बघायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. कुठली सळी कुठे जाते हे फोटोपेक्षा तिथे लवकर कळतं.

आणि उस्तादांसारखी माणसं. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो, नातू मोबाइल दुरुस्ती शिकतोय. दुकान अजून किती दिवस, विचारलं तर वर बोट दाखवतात. सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याकडे बसतो. कुठल्या डब्यात काय आहे, कुठला आटा कुणाचा, कुठला दांडा कशाला चालतो, ते सांगतात, मी लिहितो. शब्द त्यांचे उर्दू, मापं इंग्रजी, वही मराठी. आत्तापर्यंत नऊ डबे झाले, पाच राहिले आहेत. सातव्या डब्यात रॅलेच्या चांगल्या वाट्यांच्या दोन जोड्या निघाल्या. ज्या कुणाला लागतील त्याने मालेगावात येऊन उस्तादांकडून न्याव्यात, पण जुनी वाटी सोबत आणावी, ते मोजल्याशिवाय देत नाहीत.

सायकल आता चालते. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मी तिच्यावरून जातो. मागच्या ब्रेकच्या सळीची एक कडी मात्र अजून मिळालेली नाही, तिथे सध्या तार बांधलेली आहे. मिळेपर्यंत उताराला मी उतरून चालतो.